पूर्व आफ्रिकेची सफारी : लॉज, वाहन आणि स्थानिक कंपनी निवडताना

- प्रतिनिधी

'सफारी' हा शब्द स्वाहिली भाषेतला आणि त्याचा मूळ अर्थ नुसता 'प्रवास'. ज्या अरबी शब्दावरून तो आला, त्याच शब्दावरून मराठीतील 'सफर'ही आली. मुंबईहून नैरोबी थेट विमानाने सुमारे सहा तासांवर आहे. त्यामुळे मुंबई-पुण्यातील पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत केनिया आणि टांझानिया आता युरोप-सिंगापूरच्या शेजारी झळकू लागले आहेत. मात्र युरोपची सहल आणि पूर्व आफ्रिकेची सफारी यांत एक मूलभूत फरक आहे. पॅरिसमधील हॉटेल गैरसोयीचे निघाले तरी आयफेल टॉवर जागेवरच असतो. सफारीत मात्र महिना चुकला, लॉज भलत्या ठिकाणी निघाले किंवा वाहन निकृष्ट मिळाले, तर जे पाहावयास गेलो तेच हुकते. चौघांच्या कुटुंबाचा खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो आणि असा प्रवास बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच घडतो. म्हणूनच आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी काही गोष्टी नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

आधी महिना, मग देश

टांझानियातील सेरेंगेटी आणि केनियातील मासाई मारा ही नावे दोन असली तरी ते एकच सलग गवताळ मैदान आहे. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ १४,७६३ चौरस किलोमीटर, तर मासाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे. दहा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट, म्हणजेच नू, आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे व गॅझेल हरणे पावसामागोमाग या मैदानात वर्षभर फिरत असतात. 'ग्रेट मायग्रेशन' म्हणतात ते हेच. ते विशिष्ट तारखेला सुरू होऊन संपणारे संमेलन नव्हे. ते अखंड चालणारे रहाटगाडगे आहे.

साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात हे कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुटू परिसरात असतात. फेब्रुवारीच्या सुमारास तेथे हजारो पाडसे जन्माला येतात आणि त्यांच्या मागावर सिंह, चित्ते व तरस असतात. मे-जूनमध्ये कळप पश्चिमेकडे ग्रुमेटी नदीच्या दिशेने सरकतात. जुलै ते ऑक्टोबर या काळात ते सेरेंगेटीच्या उत्तर टोकाला आणि मारात असतात. मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडण्याची ती प्रसिद्ध दृश्ये याच काळातील. नोव्हेंबरच्या आसपास ते पुन्हा दक्षिणेकडे वळतात. पाऊस मागे-पुढे झाला की हे वेळापत्रकही बदलते. त्यामुळे 'अमुक तारखेला नदी ओलांडताना दाखवू' अशी हमी देणारी कंपनी एक तर अज्ञानी असते किंवा अप्रामाणिक.

मराठी कुटुंबांची खरी अडचण सुट्टीची आहे. आपल्या शाळांची मोठी सुट्टी एप्रिल-मे महिन्यांत असते आणि नेमका तोच पूर्व आफ्रिकेतील मोठ्या पावसाचा, 'लाँग रेन्स'चा काळ. त्या दिवसांत काळ्या मातीच्या वाटा चिखलाने भरतात आणि काही कॅम्प चक्क बंद ठेवले जातात. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. दर बरेच उतरलेले असतात, गर्दी नसते आणि मैदाने हिरवीगार असतात. सिंह, हत्ती, जिराफ, पाणघोडे हे काही नूच्या मागे गाव सोडून जात नाहीत; ते बारा महिने तेथेच असतात. न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवरातील बहुतेक प्राणीही वर्षभर विवरातच राहतात. तेव्हा मे महिन्यात जावयाचे असेल, तर नदीच्या दृश्याची आशा सोडून पक्की बांधलेली लॉज, चांगली वाहने आणि न्गोरोंगोरो किंवा आंबोसेलीसारखी ठिकाणे निवडावीत. दिवाळीच्या सुट्टीत ऑक्टोबरचा उत्तरार्ध मिळत असेल, तर मारातील कळपांचा अखेरचा मुक्काम गाठता येतो. नोव्हेंबर उजाडला की छोट्या पावसाचे दिवस सुरू होतात.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना खेटून असले, तरी त्यांच्यामधील सँड रिव्हरची वाट १९७७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय मोडल्यापासून पर्यटकांना बंद आहे. एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी इसेबानिया किंवा नामांगा येथील सीमाचौकीचा मोठा वळसा घ्यावा लागतो किंवा विमान बदलत जावे लागते. सीमेवर बहुधा वाहन आणि चालकही बदलतात. आठवडाभरात दोन्ही देशांतील पाच-सहा उद्याने दाखविणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत प्राण्यांपेक्षा रस्ताच अधिक पाहावयास मिळतो. सात दिवस हाताशी असतील, तर एकच देश आणि जास्तीत जास्त तीन मुक्काम हे गणित अधिक शहाणपणाचे.

नकाशा पाहिल्याविना लॉज नको

लॉजच्या छायाचित्रांत पोहण्याचा तलाव, पांढऱ्या मच्छरदाण्या आणि सूर्यास्त हमखास असतो. लॉज नेमके कोठे आहे हे मात्र त्यांतून कळत नाही. सफारीत लॉजच्या दर्जापेक्षा त्याची जागा महत्त्वाची. प्राणी सर्वांत अधिक हालचाल करतात ते पहाटे आणि संध्याकाळी. उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून तासाभराच्या अंतरावर मुक्काम असेल, तर हे दोन्ही मोलाचे तास खडबडीत रस्त्यावर खर्ची पडतात.

मुक्कामाचे प्रकार ढोबळमानाने चार. पहिला पक्क्या इमारतीचे लॉज. वृद्ध, लहान मुले आणि प्रथमच जाणारी कुटुंबे यांना ते सोयीचे. दुसरा 'टेंटेड कॅम्प'. तंबू म्हटले की आपल्याकडे शिबिरातील तंबू आठवतात. पण येथील तंबूंत पलंग, गरम पाणी आणि जोडून न्हाणीघर असते. कित्येकदा त्यांचे दर इमारतीच्या लॉजपेक्षाही जास्त असतात. तिसरा फिरता कॅम्प. तो कळपांच्या मागोमाग हंगामानुसार जागा बदलतो. चौथा प्रवेशद्वाराबाहेरील साधा कॅम्प. माराच्या सेकेनानी आणि तालेक प्रवेशद्वारांच्या आसपास असे अनेक कॅम्प आहेत. त्यांतील काही उत्तम चालविलेले आहेत, तर काही ठिकाणी वीज रात्री मोजके तासच असते.

तंबूभोवती कुंपण आहे की नाही, हेही विचारून घ्यावे. अनेक कॅम्पना कुंपण नसते. रात्री हत्ती किंवा पाणघोडे अंगणात येतात आणि जेवणाच्या जागेपर्यंत पहारेकऱ्यासोबतच जावे लागते. काहींना यातच मौज वाटते. सहा वर्षांच्या मुलाच्या आईला ती वाटेलच असे नाही. लहान मुलांना प्रवेश न देणारे कॅम्पही आहेत.

थंडीचा विचार आपल्याकडे सहसा कोणी करीत नाही. विषुववृत्त म्हणजे उकाडा, अशी आपली समजूत. परंतु नैरोबी शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, तर न्गोरोंगोरो विवराचा काठ २,२०० मीटरहून उंच. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे उघड्या छताच्या वाहनात लोकरीचे कपडे लागतातच.

जेवणाची काळजी मात्र फारशी नको. केनिया-टांझानियात भारतीय वंशाचा समाज शतकाहून अधिक काळ नांदतो आहे. केनिया सरकारने २०१७ मध्ये या समाजाला देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. त्यामुळे मोठ्या लॉजना शाकाहारी पाहुणे नवे नाहीत. जैन भोजन किंवा उपवासाचे पदार्थ हवे असल्यास नोंदणीच्या वेळीच लेखी कळवावे. दुर्गम कॅम्पमध्ये सामग्री आठवड्याचा हिशेब करून आणलेली असते. तेथे ऐनवेळी सांगून उपयोग होत नाही.

राखीव क्षेत्र की कॉन्झर्व्हन्सी?

मारा निवडताना बहुतेकांना ठाऊक नसलेला एक पर्याय आहे. राष्ट्रीय राखीव क्षेत्राच्या उत्तरेला आणि पूर्वेला मासाई लोकांच्या मालकीच्या जमिनी आहेत. अनेक जमीनमालकांनी एकत्र येऊन त्या वन्यजीवांसाठी खुल्या ठेवल्या आणि पर्यटन कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिल्या. यांनाच 'कॉन्झर्व्हन्सी' म्हणतात. ओल किन्येई, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ, नाबोइशो ही त्यांतील काही नावे. केनियाच्या २०१३ च्या वन्यजीव कायद्याने या व्यवस्थेला कायदेशीर स्थान दिले.

पर्यटकाच्या दृष्टीने फरक असा. राखीव क्षेत्रात वाट सोडून गाडी नेता येत नाही, रात्री फिरता येत नाही आणि पायी हिंडता येत नाही. कॉन्झर्व्हन्सीत हे तिन्ही नियमांच्या चौकटीत शक्य असते. शिवाय तेथे तंबूंची आणि वाहनांची संख्या मर्यादित ठेवलेली असते. उलट राखीव क्षेत्रात ऑगस्ट महिन्यात एका चित्त्याभोवती वीस-पंचवीस वाहनांचा गराडा पडलेला दिसतो. एका प्राण्यापाशी पाचपेक्षा अधिक वाहने असू नयेत असा नियम तेथेही आहे. पण हंगामात तो वारंवार मोडला जातो. नदी ओलांडण्याची प्रमुख ठिकाणे मात्र राखीव क्षेत्रातच आहेत. राखीव क्षेत्राचा पश्चिमेकडील भाग म्हणजे 'मारा ट्रँगल'. त्याचे व्यवस्थापन २००१ पासून मारा कॉन्झर्व्हन्सी ही स्वतंत्र ना-नफा संस्था करते आणि शिस्तीच्या बाबतीत त्याचा लौकिक चांगला आहे.

कॉन्झर्व्हन्सीतील मुक्काम महाग पडतो. तेव्हा खर्च आणि अनुभव यांचा मेळ घालावयाचा, तर दोन रात्री कॉन्झर्व्हन्सीत आणि एक पूर्ण दिवस राखीव क्षेत्रात, अशी विभागणी सोयीची ठरते.

वाहन आणि वाटाड्या

सफारीतील जागेपणाचा निम्मा काळ वाहनातच जातो. स्वस्त सहलींत छत वर उघडणारी मिनीव्हॅन असते. महाग सहलींत चारही चाकांना गती देणारी लँड क्रूझर. कोरड्या दिवसांत आणि बऱ्या रस्त्यांवर व्हॅन चालून जाते. पावसात, तसेच न्गोरोंगोरो विवराच्या तीव्र उतारावर 'फोर व्हील ड्राइव्ह'ला पर्याय नाही. वाहनात किती जण बसणार आणि प्रत्येकाला खिडकी मिळणार का, हे लेखी घ्यावे. सात-आठ जण कोंबलेल्या वाहनात मधल्या आसनावर बसून दिवस काढणे हा सफारीचा अनुभव नव्हे. 'खासगी वाहन' आणि 'सामायिक वाहन' यांतील फरकही स्पष्ट करून घ्यावा. सामायिक वाहनात एकाला पक्षी पाहावयाचे असतात, दुसऱ्याला फक्त सिंह.

वाहनाहूनही महत्त्वाचा तो चालविणारा. पूर्व आफ्रिकेत बहुधा चालक आणि वाटाड्या एकच असतो आणि सहलीचे यशापयश बव्हंशी त्याच्यावर अवलंबून असते. कसलेला वाटाड्या वाऱ्याची दिशा, गिधाडांच्या घिरट्या, माकडांचा इशारा यांवरून अंदाज बांधतो. नवखा चालक रेडिओवर इतरांचे ऐकून गर्दीमागे धावतो. केनियात 'केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशन' ही संघटना वाटाड्यांच्या परीक्षा घेते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा श्रेणी देते. आपल्यासोबत येणाऱ्या वाटाड्याची श्रेणी कोणती, हा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये.

नैरोबीहून मारापर्यंत रस्त्याने पाच-सहा तास लागतात. आरुशाहून मध्य सेरेंगेटी गाठण्यास सात-आठ तास. विमानाने हे अंतर तासाभरात कापता येते. मात्र नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून उडणाऱ्या या छोट्या विमानांत साधारणपणे माणशी १५ किलो सामानच नेता येते, तेही मऊ पिशवीत. चाकांच्या टणक बॅगा घेऊन जाणाऱ्यांची तेथे अडचण होते.

दरपत्रक कसे वाचावे

सफारीच्या दरांत मोठी तफावत दिसते. हीच सहल एक कंपनी अमुक किमतीत देते, तर दुसरी तिच्या निम्म्यात. यातील सत्य शोधण्याची एक सोपी रीत आहे. आधी सरकारी शुल्काची बेरीज करावी आणि ती दरातून वजा करावी. हे शुल्क सर्व कंपन्यांना सारखेच असते. त्यात सूट मिळत नाही.

मासाई मारा राखीव क्षेत्राचे उदाहरण घेऊ. २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला तेथे जानेवारी ते जून या काळात दिवसाला १०० डॉलर, तर जुलै ते डिसेंबर या काळात २०० डॉलर शुल्क पडते आणि ते सकाळी सहा ते संध्याकाळी सहा अशा बारा तासांपुरतेच असते. म्हणजे ऑगस्टमध्ये चार प्रौढ तीन दिवस राखीव क्षेत्रात फिरले, तर नुसते शुल्क २,४०० डॉलर. दोन लाख रुपयांहून अधिक. हीच सहल जूनमध्ये केली, तर १,२०० डॉलर. आता एखाद्या कंपनीने ऑगस्टच्या तीन दिवसांसाठी माणशी ७०० डॉलर सांगितले, तर त्यातील ६०० शुल्कात जाणार. उरलेल्या १०० डॉलरमध्ये वाहन, इंधन, वाटाड्या, तीन दिवसांचे जेवण आणि मुक्काम बसणे अशक्य. याचा अर्थ उघड आहे. एक तर शुल्क दरात धरलेले नाही, किंवा तीनऐवजी एकच दिवस आत नेणार आणि उरलेला वेळ बाहेर घालविणार.

टांझानियातही हाच हिशेब लागू पडतो. सेरेंगेटीचे प्रवेशशुल्क, त्यावर १८ टक्के मूल्यवर्धित कर, उद्यानात मुक्काम केल्यास त्याचे वेगळे शुल्क, आणि न्गोरोंगोरो विवरात उतरणाऱ्या प्रत्येक वाहनामागे आणखी कित्येक डॉलर. गोरिलांचे दर्शन याहून महाग. रवांडात एका परवान्याला २०१७ पासून १,५०० डॉलर पडतात. युगांडात हाच परवाना २०२४ च्या जुलैपासून ८०० डॉलरचा झाला. एका गटात आठच पर्यटक, गोरिलांजवळ एकच तास आणि पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, अशी ही शिस्त आहे. शुल्के वारंवार बदलतात. म्हणून नोंदणीपूर्वी त्या त्या उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर ती पडताळून घ्यावीत आणि मध्येच दरवाढ झाल्यास फरक कोण भरणार, हेही करारात लिहून घ्यावे.

दरपत्रकातील 'फुल बोर्ड' म्हणजे तीन वेळचे जेवण. पेये आणि सफारीच्या फेऱ्या त्यात येतातच असे नाही. वाटाड्याची बक्षिशी, पिण्याचे पाणी, विमानतळावरील ने-आण, बलूनची फेरी यांचा उल्लेख नसेल तर ते जास्तीचे समजावे.

स्थानिक कंपनीची पारख

आपण मुंबई-पुण्यातील कंपनीकडे पैसे भरतो, तेव्हा प्रत्यक्ष सफारी ती कंपनी चालवीत नाही. ती नैरोबी किंवा आरुशातील एखाद्या स्थानिक कंपनीला काम देते. ती कंपनी पुन्हा लॉज आणि काही वेळा वाहनही भाड्याने घेते. या साखळीतील एक कडी निखळली की परिणाम पर्यटकाला भोगावा लागतो. मधल्या कंपनीने लॉजचे पैसे भरलेले नाहीत, असे तेथे पोहोचल्यावर कळणे यासारखा मनस्ताप नाही. म्हणून आपली सहल कोणती स्थानिक कंपनी चालविणार, हे नाव आधीच मागावे. ते सांगण्यास टाळाटाळ झाली, तर सावध व्हावे.

थेट स्थानिक कंपनीशी व्यवहार केल्यास खर्च कमी होतो आणि कार्यक्रम मनाजोगता आखता येतो. अर्थात जबाबदारीही आपल्याच शिरावर येते. मराठी बोलणारा टूर मॅनेजर, सोबतीला गट आणि अडचणीत धावून येणारे भारतातील कार्यालय यांची किंमत ज्येष्ठ नागरिकांना निश्चितच मोलाची वाटेल. धडधाकट चौघांच्या कुटुंबाला कदाचित त्याची गरज भासणार नाही. दोन्ही मार्ग योग्यच आहेत. पारख मात्र दोन्हींत करावी लागते.

केनियात पर्यटन कंपनीकडे 'टुरिझम रेग्युलेटरी ऑथॉरिटी'चा चालू वर्षाचा परवाना असावा लागतो. 'केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्स', म्हणजे 'काटो', ही १९७८ मध्ये स्थापन झालेली व्यावसायिक संघटना असून तिच्या सभासदांची यादी कोणालाही पाहता येते. टांझानियात परवान्याला 'टाला' म्हणतात आणि तेथील संघटना 'टाटो'. केवळ संकेतस्थळावरील बोधचिन्ह पाहून विश्वास ठेवू नये. ते चिन्ह कोणीही चिकटवू शकतो. नाव संघटनेच्या यादीत शोधावे किंवा संघटनेला पत्र पाठवून खात्री करावी.

पैसे कंपनीच्या नावे असलेल्या बँक खात्यातच भरावेत. 'व्यक्तीच्या खात्यावर पाठवा, कर वाचेल' असा सल्ला मिळाल्यास तेथेच थांबावे. प्रारंभी ठरावीक टक्के आगाऊ आणि उर्वरित रक्कम प्रवासाच्या महिना-दोन महिने आधी, अशी पद्धत आहे. पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी लॉजच्या आरक्षणाचा क्रमांक मागून तो थेट लॉजकडे पडताळता येतो. अनेक लॉज त्याला उत्तर देतात. हे पाच मिनिटांचे काम पुढचा मोठा मनस्ताप वाचवू शकते. भारतातून परदेशी सहलीसाठी पैसे भरताना 'टीसीएस' कापला जातो. त्याचे दर आणि मर्यादा अर्थसंकल्पागणिक बदलत आल्या आहेत; कापलेली रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात वळती करून घेता येते, म्हणून तिचे प्रमाणपत्र जपून ठेवावे.

पैसा कोणाच्या हाती जातो?

हा प्रश्न केवळ नैतिकतेचा नाही. जंगल टिकेल की नाही, हे त्यावर ठरते. मारातील सिंह ज्या जमिनीवर वावरतात, तिचा मोठा भाग मासाई गुराख्यांच्या मालकीचा आहे. त्यांनी ती कुंपण घालून विकली किंवा शेतीखाली आणली, तर प्राण्यांच्या वाटा बंद होतील. कॉन्झर्व्हन्सीत जमीनमालकाला ठरलेले भाडे मिळते आणि त्याला ती जमीन मोकळी ठेवणे परवडते. २०२० मध्ये कोरोनामुळे पर्यटन ठप्प झाले, तेव्हा हे भाडेच धोक्यात आले आणि सारी व्यवस्था किती नाजूक आहे, हे उघड झाले.

सगळीकडे चित्र इतके सलोख्याचे नाही. टांझानियात लोलिओंडो भागातील सुमारे १,५०० चौरस किलोमीटर जमिनीच्या सीमांकनावरून २०२२ च्या जूनमध्ये मासाई आणि सुरक्षा दलांत चकमकी झडल्या. न्गोरोंगोरोतील मासाई कुटुंबांना दूरच्या म्सोमेरा येथे हलविण्याची मोहीमही वादग्रस्त ठरली. मारातही २०२५ मध्ये एका नव्या आलिशान कॅम्पने नूंच्या वाटेवर अतिक्रमण केल्याचा आरोप होऊन प्रकरण न्यायालयात गेले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये सेरेंगेटीत पर्यटक वाहनांतून उतरून नदीकाठी उभे राहिले आणि कळपांची वाट अडली. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि उद्यान प्रशासनाला कारवाईचा इशारा द्यावा लागला. दोष चालकांचा होताच. पण 'आणखी जवळ घे' असा आग्रह धरणारा पर्यटकही त्यात वाटेकरी असतो.

म्हणून लॉजला काही साधे प्रश्न विचारावेत. जमीन कोणाची? भाडे कोणाला? कर्मचाऱ्यांत स्थानिक किती? पाणी कोठून आणता आणि सांडपाण्याचे काय करता? केनियात 'इकोटुरिझम केनिया' ही संस्था लॉजना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी पर्यावरण-श्रेणी देते. तिचा आधार घेता येईल. मासाई वस्तीला भेट देण्याचा कार्यक्रम असेल, तर माणशी घेतली जाणारी रक्कम वस्तीला मिळते की चालकाच्या खिशात जाते, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. किलिमांजारो चढू इच्छिणाऱ्यांनी हमालांची मजुरी आणि त्यांच्या पाठीवरील ओझे यांविषयी विचारणा करावी. 'किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट' ही संस्था हमालांना न्याय्य वागणूक देणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते.

कागदपत्रे आणि आरोग्य

केनियाने २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसाऐवजी ऑनलाइन 'ईटीए' सुरू केला आहे. टांझानियाचा ई-व्हिसा वेगळा काढावा लागतो. केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांसाठी १०० डॉलरचा एकत्रित पर्यटक व्हिसा २०१४ पासून मिळतो. टांझानिया मात्र त्यात नाही. झांजीबारला जाणाऱ्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून तेथील सरकारी विमा कंपनीचा विमा सक्तीचा आहे. भारतात काढलेला विमा त्याऐवजी चालत नाही.

केनिया आणि युगांडाला जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस घेतलीच पाहिजे. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि मग आयुष्यभर चालते. ते नसल्यास परतताना भारतीय विमानतळावर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तेथे कधीकधी प्रतीक्षायादी असते. त्यामुळे किमान महिनाभर आधी नोंद करावी. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विम्यात दुर्गम भागातून विमानाने रुग्णालयात हलविण्याची तरतूद आहे का, हे पाहावे. मैदानातील बहुतेक कॅम्प मोठ्या रुग्णालयापासून कित्येक तासांच्या अंतरावर असतात.

चिवडा-चकल्यांची शिदोरी नेणाऱ्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवाव्यात. केनियात २०१७ पासून, टांझानियात २०१९ पासून त्यांच्यावर बंदी आहे. रवांडाने तर ती २००८ मध्येच घातली. ड्रोन परवानगीविना नेऊ नये. केनियात २०२४ व २०२५ मध्ये झालेली निदर्शने आणि टांझानियात २०२५ च्या ऑक्टोबरमधील निवडणुकीनंतरचा हिंसाचार व संचारबंदी लक्षात घेता, निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना अवश्य वाचाव्यात.

रक्कम भरण्यापूर्वीचे दहा प्रश्न

१. प्रत्यक्ष सफारी चालविणाऱ्या स्थानिक कंपनीचे नाव आणि परवाना क्रमांक काय?
२. प्रत्येक लॉजचे नाव काय, आणि ते उद्यानात आहे, कॉन्झर्व्हन्सीत की बाहेर? 'किंवा तत्सम' असे लिहिले असल्यास पर्यायाची नावे कोणती?
३. प्रवेशद्वारापासून लॉज किती मिनिटांवर?
४. उद्यानशुल्क किती दिवसांचे धरले आहे?
५. वाहन कोणते, त्यात किती जण आणि प्रत्येकाला खिडकी आहे का?
६. वाटाड्याचा अनुभव आणि श्रेणी काय?
७. रोज किती तास प्रवासात आणि किती तास प्राणी पाहण्यात?
८. शुल्कवाढ झाल्यास फरक कोण भरणार?
९. सहल रद्द झाल्यास किती रक्कम, किती दिवसांत परत मिळेल?
१०. वाहन बिघडल्यास किंवा कोणी आजारी पडल्यास रात्री-अपरात्री कोणाला दूरध्वनी करावयाचा?

या दहा प्रश्नांची उत्तरे लेखी आणि नेमकी देणारी कंपनी थोडी महाग असली, तरी बहुधा तीच स्वस्त पडते. उत्तराऐवजी 'काळजी करू नका, सगळे होईल' असे आश्वासन मिळाले, तर दुसरा दरवाजा ठोठवावा. सिंह दिसेल की नाही, हे कोणाच्याच हाती नसते. तो दिसण्याच्या वेळी आपण योग्य ठिकाणी, योग्य वाहनात आणि जाणत्या माणसासोबत असू, एवढी तजवीज मात्र घर सोडण्यापूर्वीच करता येते.